तिसऱ्या जागेवरचं नाव

प्रमोदिनी गेली हे मला एकदम कळलं नाही. थोडं थोडं करून कळलं.

पहिला फोन डॉ. चिंचोळकरांचा आला. ते माझ्या बायकोचे विभागप्रमुख. मी तेव्हा कामावर होतो. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात माझी स्टोअरची नोकरी. ते म्हणाले, "श्यामकांतजी, मॅडमची तब्येत जराशी बिघडली आहे. तुम्ही येऊन जा." मी म्हटलं, तिच्याशी बोलू द्या. ते म्हणाले, "आत्ता झोपल्या आहेत." सकाळची वेळ होती. प्रमोदिनी दुपारीसुद्धा कधी झोपत नसे. मी स्कूटर काढली. दुसरा फोन रस्त्यात आला, श्रावणीचा. ती प्रमोदिनीच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. ती नुसती रडली.

तिची पशुसंशोधन संस्था रायपूरहून नव्या राजधानीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. राज्य वेगळं झालं त्यानंतर सुरू झालेली. मी पोचलो तेव्हा गोठ्यासमोर माणसं उभी होती आणि कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं. ती गोठ्यातच पडली होती. हृदय बंद पडलं. डॉक्टर म्हणाले, कळायच्या आत गेल्या. तिचे गमबूट कोणीतरी स्वच्छ धुवून भिंतीला टेकवून ठेवले होते. बूट धुवायला यांना वेळ होता आणि मला खरं सांगायला नव्हता, असं माझ्या मनात आलं. तेव्हापासून त्या जागेवर माझा भरवसा राहिला नाही.

तिचं काम मला वरवर ठाऊक होतं. पशुआहारशास्त्र. गाईला काय खाऊ घातलं तर किती पचतं, किती दूध येतं, शेणात किती वाया जातं, हे मोजायचं. मी चिडवायचो, "दिवसभर शेणच मोजून राहिली काय?" ती म्हणायची, "तुमच्या लोखंडापेक्षा तरी ताजं असते."

शोकसभेत चिंचोळकरांनी तिचं काम वाचून दाखवलं. सत्तेचाळीस शोधनिबंध. नऊशेच्या वर सायटेशन. लोकांनी माना हलवल्या. मी पहिल्या रांगेत बसून हे पहिल्यांदा ऐकत होतो. एवढ्या वर्षांत तिनं कधी आकडा सांगितला नाही आणि मीही विचारला नाही.

घरी आल्यावर मंजिरीनं, आमच्या मुलीनं, मोबाइलवर तिचं पान काढून दिलं. तिचा फोटो, खाली निबंधांची नावं, आणि प्रत्येकापुढे तो किती जणांनी वापरला त्याचा आकडा. सायटेशन म्हणजे काय ते प्रमोदिनीनं मला एकदा भाजी निवडता निवडता सांगितलं होतं. "माझं काम घेऊन कोणी पुढं लिहिलं तर त्याले माझं नाव घ्यावं लागते. नाही घेतलं तर ती चोरी."

मंजिरी नागपूरला परत गेली. मी रोज सकाळी चहासोबत ते पान उघडू लागलो. आकडा वाढायचा. कोणी आनंद गावचा, कोणी बरेलीचा, एकदा तर ब्राझीलचा. ती गेली हे त्या लोकांना माहीत नव्हतं. मला बरं वाटायचं.

प्रमोदिनीचा मोबाइल मी चालू ठेवला होता. उन्हाळ्यात, एप्रिलमध्ये, त्यावर एक ईमेल आला. इंग्रजी होता. मी सावकाश वाचला, मग पुन्हा वाचला. एका शोधपत्रिकेकडून होता. त्यात लिहिलं होतं की डॉ. प्रमोदिनी देवतळे, अमुक लेखाच्या लेखकांमध्ये आपलं नाव तिसरं आहे. आपण हा लेख वाचला आहे आणि आपल्याला तो मान्य आहे, असं खालचं बटन दाबून कळवावं. खाली दोन बटनं होती. एक मान्य, एक अमान्य.

नोव्हेंबरमध्ये गेलेल्या बाईला एप्रिलमध्ये विचारत होते की तू वाचलंस का.

लेख मोहाच्या बियांच्या पेंडीवर होता. तेल काढल्यावर जी पेंड उरते ती इकडे स्वस्त मिळते, पण कडू असते. गाई तोंड लावत नाहीत. प्रमोदिनीनं ती गरम पाण्यात भिजवून कडूपणा कमी करायची पद्धत बसवली होती. अर्ध्या गाईंना ही पेंड, अर्ध्यांना नेहमीची, आणि मग दोन्ही गटांच्या दुधात फरक पडतो का ते पाहायचं. लेखात लिहिलं होतं की मोहाच्या पेंडीनं दूध वाढलं.

इथं मला हरेलीची आठवण झाली.

हरेली हा इकडचा सण, आपला श्रावण लागायच्या आधीच्या अमावस्येला. त्या दिवशी छत्तीसगडी माणूस नांगर-कुदळ धुवून पुजतो आणि गुरांना लोंदी खाऊ घालतो. लोंदी म्हणजे कणकेचे मीठ घातलेले गोळे, पानात गुंडाळून. संस्थेतल्या गोठ्यावर कमला नावाची बाई कामाला होती. प्रमोदिनीचा मोजणीचा आठवडा चालू होता. त्या आठवड्यात गाईच्या तोंडात जाणारा घासन् घास तोलून द्यायचा असतो. आणि नेमकी हरेली आली. कमलानं घरून लोंदी आणली आणि कोणाला न विचारता गाईंना घातली. तेही सगळ्या गाईंना नाही. ज्या कडू पेंड खात होत्या त्यांनाच. तिला त्यांची दया आली.

त्या संध्याकाळी प्रमोदिनी घरी आली ती हसत होती आणि चिडलीही होती. "इतक्या दिवसांची मेहनत अन् ह्या बाईनं प्रेमानं कणकेचे गोळे घातले. अन् एक दिवस नाही, उरलेले चार दिवस घालूनच राहिली! मिठानं भूक वाढली, पाणी जास्त पिल्या, अन् दूधही वाढलं. आता ते पेंडीचं का लोंदीचं, कोण सांगणार?"

मी म्हटलं, "कमलाले रागावली काय?"

"काय रागावू? तिचा सण. माझी चूक, मीच कॅलेंडर नाही पाहिलं. पुन्हा करावा लागेल अख्खा प्रयोग."

पुन्हा करावा लागेल, हे तिचे शब्द मला स्वच्छ आठवत होते. पण तिनं पुन्हा केला की नाही, ते मला माहीत नव्हतं. मोजणीच्या आठवड्यात ती जेवायलाही घरी नसायची. दिवाळीपर्यंत असा दुसरा आठवडा आलेला मला आठवत नव्हता. पण माणूस गेल्यावर आठवणींची गडबड होते. मी बटन दाबलं नाही. सुट्टी टाकली आणि संस्थेत गेलो.

चिंचोळकरांनी उठून खुर्ची दिली. हे जुने रायपूरवाले, नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इथले, आणि बोलणं फार गोड.

"ईमेल आला असेल ना? अहो, मी फोन करणारच होतो. दाबून टाका बटन. तुम्हाला त्रास नको."

"ती तर गेली. मग तिचं बटन मी कसं दाबू?"

"औपचारिकता असते हो. मॅडम नसल्या तरी काम त्यांचंच ना?"

"मग ती गेली असं त्या पत्रिकेले काहून नाही कळवलं?"

ते हसले. "श्यामकांतजी, कळवलं की शंभर प्रश्न. प्रयोगाची परवानगी त्यांच्या नावावर आहे. आणि खरं सांगू? मॅडमचं नाव पाहून संपादक लेख उघडतात तरी. आमच्या नावानं तो सहा महिने पडून राहतो. नऊशे सायटेशन म्हणजे गंमत नाही."

"एवढं वजन आहे तिच्या नावाले, तर मग तिसरं काहून?"

"पहिलं श्रावणीचं. पोरीला नोकरी लागायची आहे. दुसरं विभागाचं."

"विभागाचं म्हणजे तुमचं."

"हो, तसंच समजा."

मी विचारलं, "हा हरेलीवाला प्रयोग आहे काय?"

चिंचोळकरांनी घंटी वाजवून पाणी मागवलं. पाण्याचा भरलेला ग्लास त्यांच्या टेबलावर होताच.

"कोणता हरेलीवाला?"

मी सांगितलं.

"अच्छा, ते. हो, झालं होतं थोडंसं. पण तो नंतर पुन्हा केला ना. दिवाळीच्या सुमारास. मॅडमनीच केला. तुम्हाला बोलल्या नाहीत?"

हे त्यांनी अशा आवाजात विचारलं की जणू माझी बायको मला काही सांगतच नसे. मी उठलो. ते दारापर्यंत आले. "श्यामकांतजी, मॅडमचा अठ्ठेचाळिसावा निबंध होईल. तुम्हाला नको आहे का?"

नको कसा असेल? मला तोही हवा होता, पन्नासावाही हवा होता.

जाताना गोठ्याकडून गेलो. कमला गव्हाण झाडत होती. मला पाहून तिनं पदर डोक्यावर घेतला. इकडचं तिकडचं विचारून मी म्हटलं, "कमला, हरेली के बाद मॅडम ने फिर से वो पेंडवाला काम किया था क्या?"

तिनं आधी मागे पाहिलं, ऑफिसच्या खिडकीकडे. मग म्हणाली, "मोला झन पूछ भैया. मोर नौकरी चले जाही." आणि झाडू घेऊन आत गेली. मला विचारू नका, नोकरी जाईल! साध्या प्रश्नाला एवढी भीती कशाला? तिला कोणीतरी आधीच काही सांगून ठेवलं होतं, असं मला वाटलं. की मला आता सगळीकडे तेच दिसत होतं, हेही असेल.

मंजिरीला फोन केला. तिला मराठी सगळं समजतं, बोलते हिंदीत.

"बाबा, आप दबा दो ना. आई का नाम आ रहा है, इसमें बुरा क्या है?"

"तुझ्या आईनं तो लेख वाचला नाही."

"तो? आधे लोग नहीं पढ़ते. मेरे ऑफिस में बॉस बिना पढ़े साइन करता है."

"तुझी आई वाचायची."

मग म्हणाली, "आपको हर आदमी चोर दिखने लगा है, बाबा. खाना ठीक से खा रहे हो?"

रविवारी श्रावणी चौबे कॉलनीतल्या आमच्या घरी आली. ही पोट्टी आमच्या घरी कितीदा जेवली असेल. प्रमोदिनीच्या हातचं पिठलं तिला फार आवडायचं. मी चहा केला. तिनं एक घोट घेतला आणि म्हणाली, "अंकल, शक्कर का डब्बा उलट गया क्या?" आम्ही दोघं हसलो. मग ती फोटोकडे पाहत बसली.

"आपने अभी तक हाँ नहीं किया, अंकल."

"मले एक सांग. तो प्रयोग पुन्हा केला काय?"

"सर ने बताया ना आपको."

"सरनं सांगितलं. आता तू सांग."

तिनं कप खाली ठेवला. "मॅडम की कसम मत दीजिएगा."

"कसम नाही देत. नुसतं विचारून राहिलो."

"दोबारा कब करते, अंकल? मॅडम दिवाली के बाद शुरू करने वाली थीं. गायें भी छाँट ली थीं. फिर मॅडम ही नहीं रहीं."

मला राग यायला हवा होता. उलट हलकं वाटलं. मला बरोबर आठवत होतं.

"मग सर खोटं काहून बोलले?"

"उरला इंडस्ट्रियल एरिया का एक पशुखाद्य वाला है. सर से दो-तीन बार मिला है. मोहा की पेंड मिलाकर बेचना चाहता है. उसको छपा हुआ पेपर चाहिए." मग घाईनं म्हणाली, "लेकिन आँकड़े झूठे नहीं हैं, अंकल. मॅडम ने खुद तौले थे. एक ग्राम इधर का उधर नहीं किया मैंने."

"लोंदीचं लिहिलं काय त्यात?"

"नहीं."

"काहून?"

"लिखेंगे तो छापेगा कौन?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगले महीने मेरा इंटरव्यू है. एक पेपर तो चाहिए. और मॅडम का नाम मैंने डलवाया. सर तो निकाल रहे थे. मैंने कहा, मॅडम के बिना मेरा पहला पेपर नहीं जाएगा."

चिंचोळकर म्हणाले होते की नाव त्यांना हवं होतं, संपादकाला दाखवायला. ही म्हणत होती की ते काढत होते. दोघांपैकी एक जण तरी खोटं बोलत होता. आणि ती समोर रडत असताना मी तेच मोजत बसलो होतो.

"बाई, तुझ्या मॅडमनं हे पाठवलं असतं काय?"

ती चहा तसाच ठेवून गेली.

मी पुढचे काही दिवस तो ईमेल उघडायचो आणि बंद करायचो. मान्य दाबलं तर प्रमोदिनीचा अठ्ठेचाळिसावा निबंध होणार. श्रावणीला नोकरी मिळणार. कमलाचंही काम राहणार. एकट्या मोहाच्या पेंडीचं खोटं होणार, आणि त्या खोट्यावर प्रमोदिनीची सही. उद्या कोणी गवळी ती पेंड विकत घेईल, दूध वाढणार नाही, आणि तो ज्यांनी हे लिहिलं त्यांना शिव्या देईल. त्यात तीही असेल. अमान्य दाबलं तर तिनं नकार दिला असं होणार. तेही खरं नव्हतं. नकार द्यायला ती कुठं होती?

शेवटी मी दोन्ही दाबली नाहीत. माझ्या इंग्रजीत पत्र लिहिलं. डॉ. प्रमोदिनी देवतळे नोव्हेंबरमध्ये वारल्या. मी त्यांचा नवरा. त्यांनी हा लेख वाचलेला नाही. मोजणीच्या आठवड्यात काही गाईंना सणाचं खाणं दिलं गेलं होतं, म्हणून प्रयोग पुन्हा करावा लागेल, असं त्या मला घरी म्हणाल्या होत्या. तो पुन्हा झाला का ते कृपा करून लेखकांना विचारा. कमलाचं नाव घातलं नाही. श्रावणी काय बोलली तेही घातलं नाही. मंजिरीला वाचून दाखवलं. तिनं दोन चुका सांगितल्या आणि म्हणाली, "भेज दो. आप मानोगे तो हो नहीं."

पत्रिकेचं उत्तर लवकर आलं. आपल्या दुःखात सहभागी आहोत, लेख लेखकांकडे परत पाठवला आहे.

त्याच दुपारी चिंचोळकरांचा फोन आला. आता आवाजात गोडी नव्हती. "श्यामकांतजी, तुम्ही नट-बोल्ट सांभाळणारी माणसं. तुम्हाला यातलं काय कळतं? त्या पोरीचं नुकसान केलंत. आणि स्वतःच्याच बायकोचं नाव कापलंत."

"पुन्हा करा ना प्रयोग," मी म्हटलं. "तिनं गाईही निवडून ठेवल्या होत्या."

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी फोन ठेवला. ठेवल्यावर कळलं की मी श्रावणीला अडकवलं.

कमलाला गोठ्यातून काढून बागेच्या कामाला लावलं, असं मागून कळलं. ते माझ्या पत्रामुळे की आणखी कशामुळे, मला माहीत नाही. बाग उन्हात असते. श्रावणीला मी दोनदा फोन केला. तिनं उचलला नाही.

पुढच्या हिवाळ्यात मंजिरीनं फोन करून सांगितलं की लेख छापून आला. दुसऱ्याच कुठल्या तरी पत्रिकेत. लेखक दोन, श्रावणी आणि चिंचोळकर. मोहाच्या पेंडीनं दूध वाढलं, हे तसंच. हरेलीचा उल्लेख नाही. शेवटी एक ओळ, दिवंगत डॉ. प्रमोदिनी देवतळे यांच्या मार्गदर्शनाबद्दल ऋणी आहोत. आणि खाली संदर्भांमध्ये तिचे सहा निबंध. मंजिरी म्हणाली, "देखो बाबा, आई के सायटेशन भी बढ़ गए." मी पाहिलं. वाढले होते. त्या सकाळी मी चहा घेऊन ते पान लगेच मिटवलं.

संध्याकाळी श्रावणीचा फोन आला. एका कॉलेजात लागली होती. म्हणाली, "अंकल, मैंने मना किया था. सर ने मुझसे बिना पूछे भेजा." मला तिचं खरं वाटावं असं फार वाटलं. पण तिलाही बटन आलं असेल ना. तिनं कोणतं दाबलं ते मी विचारलं नाही. जेवून जा कधीतरी, एवढंच म्हटलं.

त्या दुसऱ्या पत्रिकेलाही मी पत्र लिहिलं, तेच, थोडं सुधारून. उत्तर आलेलं नाही. उरला एरियातल्या त्या माणसाची पेंड बाजारात आली का, ते शोधतो आहे. अजून नक्की कळलेलं नाही. आणि प्रमोदिनीनं पुन्हा करायला ठेवलेला प्रयोग अजून कोणी केलेला नाही.